अख्खा भारत फिरायचाय? आधी खुंटा ठोका

पहिली गोष्ट, ते 'भारत दर्शन' डोक्यातून काढून टाका. उत्तर-दक्षिण ३,२१४ किमी, पूर्व-पश्चिम २,९३३ किमी, हे आकडे आपण सगळ्यांनी भूगोलात घोकलेत आणि पेपर झाल्यावर विसरलोय. मला त्यांचा अर्थ कळला तो मुंबईहून दोन दिवस गाडीत बसून गुवाहाटीला उतरलो तेव्हा, पाठ आखडलेली, पोरांचे पत्ते खेळून खेळून मऊ झालेले, आणि बाहेर बघतो तर संध्याकाळी पाचलाच काळोख. तेव्हा डोक्यात शिरलं की हा एक देश म्हणून बघायचा प्रकारच नाहीये, तुकडे पाडूनच खायला लागणार.

आमची पहिली मोठी ट्रिप राजस्थानची होती, एका टूरवाल्याचं पॅकेज, नऊ दिवसात सहा शहरं. फोटो भरपूर आहेत पण बायकोला विचाराल तर तिला आठवतंय बसच्या सीटचं मळकट कव्हर आणि "चला चला, गाडी निघतेय" एवढंच. जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, आत आजही लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, दारात आजी भाजी निवडत बसलेली असते, म्हणजे हे सगळं नंतर कळलं, कारण आम्हाला तिथे मिळाली चाळीस मिनिटं आणि त्यातली वीस टॉयलेट शोधण्यात गेली.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. गाय कशी खुंट्याला बांधली की दावं पुरेल तेवढ्या गोलात निवांत चरते, तसं. एका ट्रिपला एक खुंटा, फार तर दोन. खुंटा म्हणजे असं गाव जिथे स्टेशन किंवा एअरपोर्ट आहे, राहायला बऱ्यापैकी जागा आहे, आणि तीन-चार तासांच्या आत बघण्यासारखं भरपूर आहे. तिथे कमीत कमी चार रात्री, एकच रूम, बॅगा एकदाच उघडायच्या. आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा, त्या दिवसाचा प्लॅन कोणी विचारला तरी सांगायचा नाही. पोरं आजारी पडली, पाऊस आला, एखादी जागा आवडली, सगळ्याला तो दिवस कामी येतो.

आता खुंटा निवडायचा कसा. बहुतेक लोक आधी जागा ठरवतात आणि मग सुट्टी शोधतात, आणि फसतात. उलटं करा. आपल्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत, मे महिना, दिवाळी, नाताळ, आणि ज्यांना शाळेची कटकट नाही त्यांना बाकी वर्ष. मग त्या सुट्टीत देशाचा कुठला कोपरा चांगल्या मूडमध्ये असतो ते बघायचं.

मे महिन्यात हिमाचल, सिक्कीम, दार्जिलिंग हे सगळ्यांनाच माहितीये, म्हणून तिथे सगळेच असतात. पण मे महिन्यात मध्य प्रदेशातलं जंगल कोणी धरत नाही. ऊन मरणाचं असतं हे कबूल, पण पाणवठे आटलेले, झाडी सुकलेली, त्यामुळे वाघ दिसायचे चान्स तेव्हाच जास्त. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर झोन बंद असतात, तेव्हा पावसाळी सुट्टीत कान्हाला जाऊ म्हणणारे मेहुणे असतील तर त्यांना वेळीच आवरा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे धो धो पाऊस, पण लडाख पर्जन्यछायेत आहे, तिथला सीझन तोच. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पण तेव्हाच, जून ते ऑक्टोबर उघडी असते पण फुलं म्हणाल तर जुलैचा मध्य ते ऑगस्ट. दिवाळीत राजस्थान, मध्य प्रदेश. आणि दिवाळीत तमिळनाडूला जाऊ नका, ही चूक फार जण करतात. आपला पाऊस संपला म्हणजे सगळ्यांचा संपला असं आपल्याला वाटतं, पण त्यांचा मुख्य पाऊस परतीचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. तिकडे जायचं जानेवारी-फेब्रुवारीत. नाताळात कच्छ किंवा आसाम-मेघालय, डोळे झाकून.

गाडीचं बघू, कारण सगळं तिथेच अडतं. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, अजून पुष्कळांना जुनंच आठवतंय), प्रवासाचा दिवस सोडून ६० मोजायचे, सकाळी ८ ला चालू. मोबाईलमध्ये ७:४५ चा अलार्म लावा आणि प्रवाशांची नावं आधीच सेव्ह करून ठेवा, आठ वाजता आईचं वय टाईप करत बसलात की संपलं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० ला आणि नॉन-एसीचं ११ ला, आणि आता अकाउंटला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाईन तत्काळ मिळत नाही, ते काम आजच उरकून टाका. अजून एक, मधल्या स्टेशनवरून सीट दिसत नसेल तर गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढा आणि बोर्डिंग पॉइंट बदलून आपलं स्टेशन टाका. चार पैसे जास्त जातात पण कोटा वेगळा असतो, कन्फर्म मिळायची शक्यता वाढते. आणि मधे कुठे गाडी बदलायची असेल तर हॉटेल शोधू नका, स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम पीएनआरवर ऑनलाईन बुक होतात. आंघोळ करून तीन तास आडवं झालं की माणूस परत माणसात येतो.

आता माझे खुंटे सांगतो. हे माझे आहेत, तुमचे वेगळे असू शकतील.

भुज. मुंबईहून रात्री बसलं की सकाळी भुज. लोक फक्त पांढरं रण बघून येतात, धोर्डोला, भुजपासून ८० किमीच्या आसपास, परमिट लागतं ते काढून ठेवा. रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, मीठ धरायला वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर चिखल बघून याल. डिसेंबर ते फेब्रुवारी, जमलं तर पौर्णिमेच्या आगेमागे. दुसरा दिवस धोलावीराला, खावड्याहून जो रस्ता जातो त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं मीठ आणि पाणी, मधून आपली गाडी. धोलावीरा म्हणजे हडप्पा काळातलं शहर, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत, पण तिथे जाऊन "नुसते दगडच आहेत" म्हणणारे पण असतात, म्हणून गाईड घ्या आणि पाण्याचे हौद नीट बघा. वाळवंटाच्या कडेला बसून पाणी साठवायची अक्कल त्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वी होती.

पण कच्छमध्ये माझा जीव अडकला तो अजरखपूरला. भुजपासून जवळ आहे, अजरख म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांचं, २००१ च्या भूकंपानंतर वसलेलं गाव, आधीच्या गावातलं पाणी भूकंपानंतर बदललं, लोखंड वाढलं, रंग बिघडायला लागले म्हणून कारागीर उठून इकडे आले. तिथे एक काका निळीच्या हौदात कापड बुडवत होते. कापड वर आलं ते हिरवट पिवळं, मुलगी म्हणाली बाबा हे तर चुकलं. काका हसले, बोलले काहीच नाहीत, कापड नुसतं हातात धरून उभे राहिले, आणि आमच्या डोळ्यांसमोर ते हिरव्याचं निळं झालं, हवा लागली की होतं तसं. एका कापडावर धुणं, छापणं, रंगवणं, वाळवणं धरून पंधराच्या आसपास पायऱ्या असतात हे ऐकल्यावर बायकोने भाव करायचं सोडून दिलं, आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग. परत येताना मांडवीला नदीकाठी लाकडी जहाजं बांधतात ती बघा आणि दाबेली तिथलीच खा, आपल्याकडच्या शेंगदाणे-शेव भरलेल्या पावाला दाबेली म्हणायची मग लाज वाटते.

लेह. इथे पद्धत वेगळी, खुंटा ठोकल्यावर पहिले दोन दिवस चरायलाच जायचं नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, विमानाने गेलात तर तीन तासांपूर्वी समुद्रसपाटीला असलेलं शरीर एकदम तिथे जाऊन पडतं. पोचल्यावर ठीक वाटतं, हीच गंमत आहे, मग लोक मार्केट फिरतात, जिने चढतात, आणि रात्री डोकं धरून बसतात. माझं पण तेच झालं, "मी ट्रेकर आहे" वगैरे बोलून संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो आणि रात्रभर उलट्या. दोन दिवस झोपा, पाणी प्या, उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या, बीपी-हार्टवाल्यांनी तर आधी विचारायचंच. रस्त्याने जायचं असेल तर श्रीनगरकडून जा, उंची हळूहळू वाढते, मनालीकडून मधले पास फार उंच आहेत. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड पाहिजे. रोख पैसे लेहमध्येच काढून घ्या. पुढे नुब्रा, पँगाँग सगळे करतात, करा, पण दोन्हीकडे एकेक रात्र राहून, एका दिवसात पँगाँगला जाऊन-येऊन करणं म्हणजे दहा-बारा तास गाडीत आणि एक तास तळ्यावर. परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस हातात ठेवा, हवा बिघडली की विमानं रद्द होतात आणि तिथे कोणाचं काही चालत नाही.

मध्य प्रदेशासाठी खुंटा इंदूर. हे आपल्याला सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित, अर्धं शहर मराठी समजतं. एक दिवस मांडू, एक दिवस महेश्वर, एक दिवस उज्जैन, प्रत्येक ठिकाण जाऊन-येऊन होतं. मांडू पावसाळ्यात बघा, ढग महालाच्या आत फिरत असतात. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि नर्मदेचा घाट, घाटावर संध्याकाळी नुसतं बसायचं, बाकी काही करायचं नाही. रात्री सराफा, सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाणं सुरू होतं, रिकाम्या पोटी जा.

केरळ, राजस्थान यांवर मी लिहीत नाही, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. केरळबद्दल एकच, हाऊसबोटला हजारो रुपये घालवायच्या आधी आलप्पुळाहून कोट्टायमची सरकारी बोट पकडा, साधारण अडीच तास, तिकीट किरकोळ, त्याच बॅकवॉटरमधून जाते आणि सोबत शाळेची पोरं, मासे घेऊन निघालेल्या बायका असं खरं केरळ असतं.

मेघालयासाठी विमान किंवा गाडी गुवाहाटीला, पण खुंटा शिलाँग किंवा सरळ सोहरा, म्हणजे आपलं पुस्तकातलं चेरापुंजी. घड्याळाचं इथे नीट समजून घ्या. देश एवढा रुंद पण वेळ एकच, त्यामुळे डिसेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवतात, बागान टाइम म्हणतात त्याला. आपली सवय नऊला आरामात नाश्ता करायची, तसं केलंत तर अर्धा दिवस गेला. साडेपाचला उठा, सहाला बाहेर. आणि रविवारी फिरायचं ठेवू नका, बहुतेक लोक ख्रिश्चन, सगळे चर्चला, दुकानं बंद, टॅक्सी कमी. आमचा रविवार बिस्किटांवर निघाला.

नोंग्रियाटचा डबल डेकर रूट ब्रिज, म्हणजे झाडाच्या जिवंत मुळांचा दोन मजली पूल, बघायचाच असेल तर त्यार्ना गावातून खाली तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, त्याच परत चढायच्या आहेत हे खाली पोचल्यावर आठवतं. आईला अर्थातच नेलं नाही, ती वर एका घरी बसली. तुमच्यासोबत कोणी गुडघेवालं असेल तर निराश होऊ नका, मावलिनाँगजवळ रिवाईला एक पूल आहे, थोड्याच पायऱ्या उतरून बघता येतो, तोही जिवंत मुळांचाच. हे पूल बांधत नाहीत, वाढवतात. रबराच्या झाडाची कोवळी मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून ओढ्याच्या पलीकडे न्यायची, तिकडे जमिनीत रुजली की त्यावर अजून मुळं वळवायची, आणि माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं थांबायचं. म्हणजे जो सुरू करतो तो बहुतेक नातवासाठीच करतो. मी त्या पुलावर उभा राहून मूळ हाताने चाचपलं, रेलिंगसारखं गुळगुळीत झालंय, इतक्या लोकांनी धरलंय.

वर आलो तर आई मजेत, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण त्या घरातल्या आजीने तिला क्वाई दिलेली, म्हणजे सुपारी, पान आणि चुना. खासी घरात गेलं की आधी हेच पुढे करतात. ती सुपारी ओली असते बरं का, आपली भाजकी सुपारी समजून भसकन तोंडात टाकाल तर कानशिलं गरम होतात. आईने ती पचवली आणि आपल्या बटव्यातली बडीशेप त्यांना दिली.

अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर या चारही राज्यांना इनर लाइन परमिट लागतं, आपण भारतीय असलो तरी. ऑनलाईन निघतं, पण निघायच्या आदल्या रात्री करू नका. मेघालय आणि आसामला लागत नाही. काझीरंगा याच ट्रिपला जोडता येतं, पावसाळ्यात बंद असतं, नोव्हेंबर ते एप्रिल धरा. एकशिंगी गेंडा, २०२२ च्या गणनेत २,६१३ भरले एकट्या काझीरंगात, त्यामुळे वाघासारखं इथे नशिबावर नसतं, दिसतोच.

आणि शेवटचा खुंटा तंजावर. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला कारण आपल्या लोकांना मी हा सगळ्यात जास्त सांगतो आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात. तिरुचीपर्यंत विमान किंवा गाडी, तिथून तंजावर तासाभराचं. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलं. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी गोपुर उंच आणि गाभाऱ्यावरचा भाग बुटका असतो, इथे उलटं आहे. सकाळी उघडतं तेव्हाच जा किंवा चारनंतर. दुपारी बंद असतं, आणि बंद नसतं तरी त्या फरशीवर अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर चालणं.

पण आपल्यासाठी खरी गोष्ट आवारात आहे. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास देवळाच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पाटी शोधत बसू नका, तिथल्या कोणालाही मराठी शिलालेख म्हणून विचारा. आम्ही तीन दिवस तमिळ पाट्या बघून अंगठेबहाद्दर झालेलो, बसवर काय लिहिलंय कळेना, मेनूकार्ड कळेना, आणि एकदम समोर भिंतभर देवनागरी. आई चष्मा पुसून जवळ गेली आणि पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून एकेक शब्द जुळवून मोठ्याने वाचायला लागली. मागून जाणारं एक कुटुंब थांबून तिच्याकडे बघत राहिलं, तमिळ बोलता न येणारी बाई भिंत वाचतेय म्हणून.

त्याच सरफोजींनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्यातच आहे, हजारो हस्तलिखितं, मोडीतले कागद सुद्धा. पर्यटकांना एक छोटा भागच बघायला मिळतो, तेवढा पण पुरे. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या बाजूला दारासुरम, देऊळ लहान पण कोरीवकाम बघायला दोन तास पण कमी पडतात, आणि कुंभकोणमला डिग्री कॉफी, म्हणजे तिथली फिल्टर कॉफी, पितळी वाटी-पेल्यात, गरम असते, ओठ सांभाळा. जेवण केळीच्या पानावर, 'मील्स' म्हणायचं, भात थांबवायचा असेल तर हात आडवा धरायचा, नुसती मान हलवलीत तर तो अजून वाढतो.

वेळ असेल तर उत्तरेला वर सरकून पुद्दुचेरीला दुसरा खुंटा ठोका आणि एक दिवस जिंजीला द्या. राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यात सात वर्षांहून जास्त जिथे टिकले तोच किल्ला, २०२५ मध्ये जागतिक वारसा झालेल्या १२ मराठा किल्ल्यांमधला महाराष्ट्राबाहेरचा एकटा. किल्ल्यातला राजगिरीचा डोंगर सकाळी लवकर चढा, खडक तापतो. आणि पाणी खालूनच न्या, वर माकडं पिशवी हिसकावतात, आमच्या चकल्या तिथेच गेल्या.

या डिसेंबरला जोरहाट धरलंय, निमाती घाटावरून फेरीने ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर. रिझर्वेशन उघडायला अजून नऊ दिवस आहेत, अलार्म लावून ठेवलाय, आणि आईने बडीशेपेचं पाकीट आत्ताच मोठं आणलंय.